सीडर अ‍ॅव्हेन्यूवरची सोमाली खानावळ आणि भाताबरोबरचे केळे

ओसरी

मिनीआपोलिसला येऊन मला सहा वर्षे झाली. त्यांतली पहिली चार वर्षे मी सीडर अ‍ॅव्हेन्यूवरून जवळजवळ रोज ये-जा करत होते, तरी तिथल्या एकाही सोमाली खानावळीचा उंबरा ओलांडला नव्हता, हे आधीच कबूल करून टाकते. सांगण्यासारखे कारणही नव्हते. काचेवर वाफ साचलेली असायची, आत बहुतेक पुरुषमंडळी दिसायची, पाटीवरचे शब्द वाचता आले तरी उच्चारता येत नसत, आणि आत जाऊन नेमके काय मागायचे, या प्रश्नापाशी पाय अडायचे. मग एका जानेवारीत, बाहेर उणे 22 अंश सेल्सिअस असताना, ब्लू लाइनची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. फलाटावर गोठत उभे राहण्यापेक्षा कुठेतरी आत शिरावे म्हणून मी मागे वळले आणि पहिल्या उघड्या दारातून आत गेले.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सीडर-रिव्हरसाइड ही वस्ती शहराच्या मध्यभागाला आणि मिनेसोटा विद्यापीठाला लागून आहे. रिव्हरसाइड प्लाझाचे रंगीत चौकटी बसवलेले 1973 सालचे उंच मनोरे ही तिची लांबून दिसणारी खूण. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे स्वीडन-नॉर्वेहून आलेले मजूर राहत आणि त्यांच्या तपकिरीवरून या रस्त्याला गमतीने 'स्नूस बुलेव्हार्ड' म्हणत. 1991 साली सोमालियातले सरकार कोसळले आणि यादवी सुरू झाली, त्यानंतर निर्वासित म्हणून आलेल्या सोमाली कुटुंबांनी या मनोऱ्यांत बिऱ्हाडे थाटली. आज अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती याच शहरात आणि आसपास आहे. त्यामुळे इथली खानावळ परक्यांना नवलाईचे काही खाऊ घालण्यासाठी चाललेली नसते. टॅक्सी आणि ट्रक चालवणारे, रात्रपाळी करून आलेले, शेजारच्या मशिदीतून नमाज पढून निघालेले लोक हेच तिचे खरे गिऱ्हाईक असते, आणि पुढे जे लिहिते आहे त्यातले बरेचसे या एका गोष्टीमुळे समजते.

आत आठ-नऊ टेबले होती, भिंतीवर टीव्हीत बातम्या चालू होत्या आणि जेवणाच्या खोलीतच, एका कोपऱ्यात, हात धुण्याचे बेसिन होते. काउंटरमागे रंगीत छायाचित्रांचा मोठा फलक होता आणि त्यावर तीसेक पदार्थ होते. मी पाच मिनिटे तो फलक वाचला, एक पदार्थ निवडला आणि सांगितला. "तो नाही," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. मी दुसरा सांगितला, तोही नव्हता. तिसऱ्या नकारानंतर त्यांनाच माझी दया आली असावी. "अबायो, भात आणि बोकडाचे मटण आहे, खा," असे त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितले आणि मी मान डोलावली.

मी बसते न बसते तोच एक वाटी आली. मागितलेली नव्हती आणि बिलातही लागली नाही. मटण शिजवलेल्या पाण्याचे ते पातळ सार होते. त्याला 'मरक' म्हणतात. त्यात लिंबाची फोड पिळायची, थोडी मिरपूड घालायची आणि थेट वाटीनेच प्यायचे. कडाक्याच्या थंडीतून आलेल्या माणसाला याहून शहाणे स्वागत सुचणार नाही. मग लांबट ताट आले. त्यात केशरी झाक असलेल्या बासमती भाताचा ढीग होता, वर तळलेला कांदा आणि चार बेदाणे, बाजूला हाडासकट मटणाचे मोठे तुकडे, थोडी कोशिंबीर, आणि ताटाच्या काठाला टेकवलेले, सालासकट, अख्खे केळे. जोडीला हिरव्यागार चटणीची पिळायची प्लास्टिकची बाटली.

मी केळे अर्थातच बाजूला ठेवले, कारण फळ शेवटी खायचे हे आपल्या अंगात भिनलेले आहे. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या, टोकाशी मेंदीने रंगवलेल्या दाढीचे एक आजोबा जेवत होते. ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी न राहवून त्यांनी स्वतःचे केळे उचलून दाखवले, एक लहान तुकडा मोडला, तो भाताच्या घासात बोटांनी दाबला आणि तो घास तोंडात घातला. मी तसे केले. पहिला घास चमत्कारिक लागला, दुसरा बरा लागला, आणि तिसऱ्या घासाला मी केळ्यावर आधी ती हिरवी चटणी पिळली, तेव्हा गोड, आंबट, तिखट आणि मटणाची चरबी हे सगळे एकाच वेळी जिभेवर आले आणि ते केळे तिथे का असते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

ताट 16 डॉलरचे होते आणि अर्धे मी डब्यात बांधून घरी नेले. गेली दोन वर्षे महिन्यातून दोनदा तरी मी तिथे जाते. नवीन जाणाऱ्याला माझे एकच सांगणे आहे: फलक वाचू नका, आज काय शिजले आहे ते विचारा. फलक दुकान उघडताना एकदाच छापलेला असतो. पातेली मात्र रोज सकाळी चढतात, त्यांत चार-पाच गोष्टीच असतात, आणि त्या मोठ्या प्रमाणावर एकदम होतात म्हणूनच ताट या भावात मिळते. आपल्याकडे खानावळीत शिरल्यावर आपण 'आज भाजी कुठली' एवढेच विचारतो, तसे इथे वागावे.

तुमच्या शहरात अशी जागा असेल, तर तिथला अनुभव जरूर लिहा.

---

तांबडा_पांढरा

धागा आवडला. शिकरण-पोळी खाऊन वाढलेल्या माणसाने जेवणातल्या केळ्याला नाक मुरडण्याचे कारण नाही, परंतु मटणाबरोबर केळे हे कोल्हापुरात बोललो तर मला जेवणावळीतून उठवतील. दोन शंका आहेत. हा भात म्हणजे एक प्रकारची बिर्याणीच म्हणायची का? आणि तिखटपणाचे काय? तुम्ही ज्या चटणीचे कौतुक केले आहे ती खरोखर तिखट असते, की परदेशात 'तिखट' म्हणून देतात तशी असते?

---

ओसरी

तांबडा_पांढरा, बिर्याणी म्हणून खायला बसलात तर निराश व्हाल. या भाताला 'बरीस इस्कुकारिस' म्हणतात आणि त्या नावाचा अर्थच साधारण 'एकत्र शिजवलेला भात' असा आहे. इथे थर नसतात आणि दह्यात मुरवणेही नसते. मटण आधी पाण्यात शिजवून घेतात. मग कांदा तेलात लालसर करून त्यात अख्खी दालचिनी, वेलदोडे, लवंगा, लसूण, थोडा टोमॅटो आणि 'हवाश' नावाचा मसाला घालतात, आणि भिजवलेला तांदूळ त्या मटणाच्या पाण्यातच मंद आचेवर शिजवतात. मटण पुष्कळदा वेगळे भाजून वर ठेवतात. म्हणजे नात्याने तो पुलावाचा भाऊ आहे.

हवाश मी लेक स्ट्रीटजवळच्या कार्मेल मॉलमधून आणते. तिथे सोमाली दुकानांचे मोठे जाळेच आहे. जिरे आणि धणे सर्वांत जास्त, मग मिरे, वेलदोडे, दालचिनी, लवंग, आणि रंगापुरती हळद. गोडा मसाल्यातून तीळ, खोबरे आणि दगडफूल काढून टाकले, तर जे उरेल त्याच्या जवळपास जाते. मिरची त्यात नसते, म्हणून भात आणि मटण दोन्ही सौम्य असतात. तिखटपणा सगळा त्या चटणीत, म्हणजे 'बसबास'मध्ये असतो. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लसूण, लिंबू किंवा चिंच आणि मीठ एकत्र वाटतात. आपला ठेचा पातळ करून बाटलीत भरला असे समजा. पहिल्या दिवशी मी ती चटणीसारखी वाढून घेतली होती आणि नंतर नाक पुसत गाडी पकडली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

---

अळूवडी

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट लिहिणे आवश्यक वाटते. मीही याच शहरात राहते आणि दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर अशाच एका ठिकाणी (नाव देत नाही) गेले होते. मी मांस खात नाही असे सांगितले. वाढणाऱ्याने समजूतदारपणे मान हलवली आणि मटण न घातलेला भात, कोशिंबीर आणि केळे आणून दिले. मी निम्मा भात खाल्ल्यावर दाताखाली हाडाची बारीक कणी आली. भात कशात शिजतो, हे तुम्ही आता वर लिहिले आहे. मला ते तेव्हा ठाऊक नव्हते. त्या माणसाने मला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने ताटात मांस नव्हते, म्हणजे ते बिनमांसाचे जेवण होते. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. तरीही तो दिवस मला वाईट गेला आणि त्यानंतर मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

माझ्यासारख्यांनी तिथे खावे असे खरोखर काही असते का, की चहा पिऊन परत यायचे?

---

ओसरी

अळूवडी, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटले आणि मूळ लिखाणात हे यायला हवे होते, हेही पटले. 'मांस नको' असे म्हणण्याऐवजी 'मांसाचे पाणीही नको' असे स्पष्ट सांगणे हाच उपाय आहे, आणि तसे सांगितल्यावर दुपारच्या वेळी बहुतेक वेळा 'मग भात नको' असे प्रामाणिक उत्तर मिळते. सांबूस दिसायला हुबेहूब समोसा असला, तरी आत बहुधा खिमा असतो, म्हणून तोही विचारूनच घ्यावा.

खाण्यासारखे मात्र नक्की आहे. 'सबायद' म्हणजे घड्या घालून लाटलेला पराठा. दक्षिणेकडचे लोक त्याला 'जबाती' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ आपल्याला सांगायला नको. 'मलवाह' हे वेलदोडा घातलेले गोड, पातळ धिरडे असते, पण त्यात अंडे असते. आणि 'अंबुलो' हा पदार्थ तर मूळचाच बिनमांसाचा आहे. लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या लहान दाण्याच्या कडधान्याला कित्येक तास मंद आचेवर शिजवतात आणि वर तिळाचे तेल व साखर घालून रात्रीच्या जेवणाला खातात. माझ्या नेहमीच्या ठिकाणी तो रोज नसतो. विचारून सांगते.

---

मुक्काम_नैरोबी

आमच्या कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षे नैरोबीत होतो, तेव्हा ईस्टलेमध्ये पुष्कळ जेवलो. ईस्टलेला लोक 'छोटे मोगादिशू' म्हणतात. विशेष म्हणजे केनिया 1963 साली स्वतंत्र होईपर्यंत याच भागात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहत असत. आज तिथे कापड, सोने आणि मोबाइल यांचा इतका मोठा बाजार भरतो की जेवायला जागा मिळवण्यासाठीही ढकलाढकली करावी लागते.

तुमच्या शहरातल्या आणि तिथल्या जेवणातला मोठा फरक म्हणजे उंट. अमेरिकेत उंटाचे मांस दुरून गोठवलेले येत असावे. ईस्टलेमध्ये ते ताजे मिळते. चव गोमांसाच्या जवळची, किंचित गोडसर आणि चिवट, म्हणून ते बारीक चिरून कांदा-ढोबळी मिरचीबरोबर परततात. अशा चिरून परतलेल्या मांसाला 'सुकार' म्हणतात. माझ्या लक्षात मात्र उंटिणीचे दूध राहिले. ते किंचित खारट असते आणि त्याला धुराचा वास असतो. मला वाटले की दूध लागले आहे. मी पेला खाली ठेवला. वाढणारा मुलगा हसला आणि त्याने सांगितले की दूध भरण्यापूर्वी भांड्याला आतून पेटत्या लाकडाची धुरी देतात, त्यामुळे दूध लवकर नासत नाही. आपल्याकडे ताकाला किंवा कोशिंबिरीला निखाऱ्यावर तूप टाकून धुरी देतात, ती आठवली. तेवढ्यावर मी पेला संपवला. दुसरा मागितला, असे मात्र म्हणणार नाही.

---

जुनी_वही

जेवणातल्या शब्दांविषयी थोडी भर घालतो.

सोमाली भाषेत 'प' हा उच्चार नाही, म्हणून इटालियन 'पास्ता'चे तिथे 'बास्तो' झाले, आणि त्यावरच्या रश्शाला 'सूगो' म्हणतात तोही इटालियनच शब्द. देशाच्या दक्षिण भागावर 1889 पासून इटलीचा अंमल बसत गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही 1950 ते 1960 या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने कारभार इटलीकडेच होता. शबेले आणि जुबा या नद्यांच्या खोऱ्यांत केळीच्या मोठ्या बागा उभ्या राहिल्या आणि त्यांतली केळी इटलीला जात असत. म्हणूनच ओसरी यांच्या ताटात स्पॅघेटी आली, तरी तिच्याबरोबरही केळे असणारच; आणि जुनी माणसे ती स्पॅघेटी काट्याने न खाता हाताने, बोटांभोवती गुंडाळून खातात.

उत्तरेकडची हकीकत आपल्या अधिक जवळची आहे. बर्बेरा बंदराचा प्रदेश इंग्रजांनी 1880 च्या दशकात ताब्यात घेतला तो मुख्यतः एडनच्या छावणीला मांस मिळावे म्हणून, आणि 1898 पर्यंत त्याचा कारभार एडनमार्फत ब्रिटिश हिंदुस्थानकडून चाले. एडन स्वतः 1839 पासून 1932 पर्यंत मुंबई इलाख्याकडे होते. म्हणजे बर्बेऱ्याच्या बाजारात शेळ्यांच्या भावाची जी घासाघीस चाले तिचा कागद शेवटी मुंबईला पोचत असे, आणि तिथे रुपयाही चालत असे. सांबूस, जबाती, आणि चवळी वाटून तळलेले 'बजिये' हे शब्द त्यांच्या ताटात कसे आले, याचे नवल मग वाटत नाही.

फलक वाचता येत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. सोमाली भाषेने रोमन लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती 1972 साली, आणि त्या लिपीत अरबी उच्चार बसवण्यासाठी काही अक्षरांना नवे काम दिले. फलकावर 'एक्स' दिसला की घशातून 'ह' म्हणायचा. म्हणून 'हवाश' आणि 'मलवाह'. 'सी' दिसला की तो अरबी 'ऐन' असतो आणि आपल्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. मी लंडनमध्ये पहिल्यांदा 'कांजीरो द्या' म्हणालो तेव्हा वाढणारा गोंधळला होता. म्हणायचे असते 'अंजेरो'.

---

भिडे_तवा

अंजेरोचे नाव निघाले म्हणून लिहायला बसलो. एरवी मी इथे फक्त वाचतो.

2008 च्या सुमारास पुण्यात शिकत असताना आमच्या वर्गात दोन सोमाली मुले होती. रविवारी सकाळी त्यांच्या खोलीवर गेलो की अंजेरो खायला मिळायचा, आणि मी घरी येऊन आईला सांगितले की ते लोक आंबोळी करतात. ती विश्वास ठेवीना, तेव्हा एकदा त्या दोघांना घरीच बोलावले. आदल्या रात्री त्यांनी मैदा, थोडे मक्याचे पीठ आणि यीस्ट पाण्यात सरसरीत कालवून ठेवले होते. गावाकडे ज्वारीचे पीठही घालतात, असे त्यांनी सांगितल्यावर आईचा त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

करण्याची पद्धत मात्र अगदी निराळी आहे. आपण आंबोळीचे पीठ तव्यावर ओततो आणि ते आपले आपण पसरते. ते लोक डावाने पीठ मधोमध घालतात आणि डावाच्या बुडाने, अजिबात न दाबता, मधून कडेकडे चक्री काढत नेतात. त्यामुळे अंजेरोवर शंखासारख्या वळ्या उमटतात आणि वळ्यांच्या मधल्या भागात जाळी पडते. उलटायचे नाही, झाकण ठेवायचे आणि वरची ओल गेली की काढायचे. आईने चार वेळा प्रयत्न केला, आणि चारही वेळा डाव पिठाला चिकटून मधे भोक पडले. त्यांच्यातल्या उंच मुलाने तिचा हात धरून पाचवा काढवला. त्या पसरट भांड्याला काय म्हणता, असे तिने विचारले. "दावो," तो म्हणाला. "म्हणजे तवाच की रे," आई म्हणाली आणि विषय संपला.

खाताना त्यांनी त्यावर तिळाचे तेल आणि साखर घातली, वर गरम चहा ओतला आणि तो भिजलेला अंजेरो हाताने खाल्ला. आईने हे पाहून तोंड फिरवले, पण मी खाल्ला आणि आजही हिवाळ्यात आंबोळी उरली तर तसाच खातो. त्यांचा चहा, म्हणजे 'शाह', आपल्या मसाला चहाहून फार वेगळा नसतो. फक्त वेलदोडा आणि दालचिनी सढळ हाताने असते आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा.

---

रोखठोक

सर्वांचे कौतुक वाचून झाल्यावर एक विरोधी मत नोंदवतो. मी आपल्याच शहरातल्या अशा तीन ठिकाणी जेवलो आहे (नावे घेत नाही) आणि तिन्ही ठिकाणी मटण कोरडे होते, भात पातेल्याच्या तळाचा होता, आणि ताट येण्यास एकदा तब्बल पन्नास मिनिटे लागली. एकदा तर काउंटरवर कोणीच नव्हते. दहा मिनिटे उभा राहिलो. स्वस्त असणे आणि आदरातिथ्य असणे हे ठीक आहे, पण जेवण हे शेवटी जेवण म्हणून तोलायला नको का? शिवाय माझी पत्नी बरोबर होती तेव्हा संपूर्ण खोलीत ती एकटीच बाई होती, आणि आम्ही दोघेही अवघडून बसलो. ओसरी एकट्या जातात, त्यांना तसे कधी वाटत नाही का?

---

ओसरी

रोखठोक, तुम्ही किती वाजता गेला होतात ते लिहिले नाहीत, म्हणून विचारते. माझा अंदाज असा की तुम्ही संध्याकाळी सात-साडेसातला गेला असाल. पातेली सकाळी चढतात आणि भात दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान सर्वोत्तम असतो. संध्याकाळी उरलेलेच गरम करून मिळते. ते कोरडे असते, यात तुमचे काहीच चुकत नाही, आणि मीही संध्याकाळी तिथे भात मागत नाही. त्या वेळी सुकार आणि सबायद मागावे, कारण ते समोर ताजे परतून देतात. उशीर मात्र सगळीकडेच होतो. ज्यांना चाळीस मिनिटांत ऑफिसात परतायचे आहे त्यांनी तिथे जाऊच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

काउंटर रिकामा होता, त्याचे कारण बहुधा नमाजाची वेळ असावी. या शहराच्या नगरपरिषदेने एप्रिल 2023 मध्ये दिवसातल्या पाचही वेळा अजान ध्वनिवर्धकावरून द्यायला मुभा दिली आहे, त्यामुळे आता वेळ निदान ऐकू तरी येते. दहा मिनिटांत माणसे परत येतात. आणि रमजानमध्ये दिवसा जाऊ नका. सूर्यास्तानंतर जा, तेव्हा खजूर, सांबूस, बजिये आणि मरक यांनी टेबल भरलेले असते आणि एरवी घरात जेवणाऱ्या बायका-मुलांनी खोली गजबजलेली असते.

एकटीने जाण्याविषयी विचारलेत. पहिल्या दिवशी मलाही अवघडल्यासारखे झाले, ते मी वर लिहिलेच आहे. काही ठिकाणी मागच्या बाजूला कुटुंबांसाठी वेगळी, पडदा लावलेली जागा असते. मागितली की देतात. मी मात्र काउंटरजवळच्या टेबलावर बसते. 'अबायो' म्हणजे 'ताई' हे मला नंतर कळले, आणि मग मीही त्या आजोबांना 'अदीर' म्हणायला लागले. गंमत म्हणजे त्यांच्याकडे अदीर म्हणजे फक्त काका. मामाला 'अब्ती', आत्याला 'एद्दो' आणि मावशीला 'हबरयर', म्हणजे अक्षरशः 'धाकटी आई'. इंग्रजीत सगळ्यांना एकाच शब्दाने हाक मारून कंटाळलेल्या माणसाला हे ऐकून किती बरे वाटते, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

मटणाला मटण म्हणूनच तोलावे, हे तुमचे म्हणणे मात्र मान्य. माझ्या नेहमीच्या ठिकाणीही चारातून एकदा ते कोरडे निघते. त्या दिवशी मी बसबास जास्त घेते आणि गप्प जेवते.

---

रोखठोक

सव्वासातला गेलो होतो. पुढच्या शनिवारी दुपारी जाऊन पाहतो, आणि मग पुन्हा भांडायला येतो.

---

तांबडा_पांढरा

गेल्या रविवारी प्रयोग केला, त्याचा अहवाल. कोल्हापुरात हवाश मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ओसरी यांच्या यादीप्रमाणे घरी भाजून कुटला. एक किलो मटण पाण्यात शिजवले आणि आमच्या घरात पहिल्यांदाच मटणाला कांदा-खोबऱ्याचे वाटण लागले नाही, त्यामुळे आई स्वयंपाकघरात फिरकली नाही. भात मात्र उत्तम झाला. पांढऱ्या रश्श्याची सवय असल्यामुळे मरक तर सर्वांनी मागून मागून घेतले आणि लिंबू पिळण्याची कल्पना विशेष मान्य झाली.

केळ्याच्या बाबतीत एक चूक झाली ती पुढच्यांसाठी नोंदवून ठेवतो. मी वेलची केळी आणली होती. ती भातात दाबल्यावर इतकी गोड लागली की मटणाची चव गेली आणि घास प्रसादासारखा लागला. दुसऱ्यांदा साधी, किंचित कच्चट, हिरव्या देठाची केळी आणली तेव्हा जमले. वडिलांनी केळे वेगळे, शेवटी, साल सोलून खाल्ले आणि ते त्यावर ठाम आहेत. माझ्या सात वर्षांच्या मुलीने मात्र तीन घास सलग भात-केळे-बसबास असे खाल्ले, पाणी प्यायली, आणि पुन्हा सुरू केले.

---

ओसरी

केळ्याचे अगदी बरोबर. इथेही ते कधी पूर्ण पिकलेले नसते. मी ते योगायोग समजत होते.

अळूवडी, काल विचारून आले. अंबुलो फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, संध्याकाळी पाचनंतर असतो आणि तो वेगळ्या पातेल्यात, निव्वळ पाण्यात शिजतो; पातेले मी आत जाऊन पाहिले, कारण तुमची हाडाची कणी माझ्या डोक्यातून गेली नव्हती. वर घालतात ते तिळाचे तेल आहे, आणि त्याऐवजी हवे असल्यास तूप देतात. ताट आठ डॉलरचे आहे. मी या शनिवारी सव्वापाचला काउंटरजवळच्या टेबलावर असेन. रोखठोक, तुम्ही दुपारी जाणार असाल तर मटण कसे निघाले ते तोवर इथे लिहून ठेवा.